घरातील मारहाण : स्वभाव की शिकवण?



संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला की बुंध्याच्या सालीतून डिंक गळू लागतो. नवखा माणूस तो डिंक पुसून मोकळा होतो. जाणता बागायतदार बुंध्याजवळची माती बाजूला करतो, पाणी कुठे साचते ते पाहतो, रोगट साल खरवडून बोर्डो मलम लावतो. कारण रोगाची बुरशी मातीत असते. डिंक ही नुसती खूण असते.

घरातील मारहाणीचेही असेच आहे. "राग आवरला नाही", "दारू चढली होती", "तीच उलटून बोलली" ही कारणे आपण नेहमी ऐकतो. ती वरची खूण झाली. मूळ कुठे आहे, याचा शोध मानसशास्त्रज्ञ गेली साठ वर्षे घेत आहेत. त्यांना जे आढळले ते थोडक्यात असे : बायकोवर उचललेला हात हा उपजत स्वभाव नव्हे. पुरुषाने कसे असावे आणि बाईने कसे असावे, या शिकवणीचे ते फळ आहे. आणि जे शिकलेले असते, ते सोडताही येते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांना पतीकडून होणाऱ्या हिंसेविषयी विचारले गेले. मध्य प्रदेशात दर शंभरातील सुमारे २८ जणींनी, तर शेजारच्या महाराष्ट्रात सुमारे २५ जणींनी, असा त्रास झाल्याचे सांगितले. २०१५-१६ च्या फेरीत मध्य प्रदेशाचा आकडा सुमारे ३३ होता. म्हणजे तो कमी होऊ शकतो, हेही ध्यानात घ्यावे.

याच पाहणीत दुसरा एक प्रश्न होता. बायको न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक बिघडला, तिने सासू-सासऱ्यांचा मान राखला नाही, अशा सात कारणांपैकी एखाद्या कारणासाठी नवऱ्याने मारणे योग्य आहे काय? देशातील शंभरातील ४४ पुरुषांनी होय म्हटले. आणि स्त्रियांनी? ४५ जणींनी. तेव्हा ही शिकवण केवळ पुरुषांच्या मनात नाही. आई, आजी, सासू यांच्या तोंडूनही ती पुढच्या पिढीला मिळते. "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण बायकाही म्हणतात. ज्यांना मारहाण झाली, त्यांपैकी मदत मागणाऱ्या शंभरात अवघ्या १४ होत्या.

दोर आणि वेणी

अमेरिकेतील दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठात जेनिफर बॉसन आणि जोसेफ व्हँडेलो यांनी पुरुषपणाच्या कल्पनेचा अभ्यास केला. २००८ साली त्यांनी मांडले ते असे : मुलगी वयात आली की ती बाई झाली, असे लोक धरून चालतात. पुरुषपण मात्र कमवावे लागते, चारचौघांत दाखवावे लागते आणि ते एका क्षणात जाऊ शकते, असे मानले जाते. म्हणून पुरुषाला सतत धास्ती असते.

२००९ साली त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणांना दोर गुंफायला दिला. काहींना पुतळ्याच्या डोक्यावरील केसांची वेणी घालायला सांगितली. बोटांचे काम दोन्हीकडे सारखेच. त्यानंतर दोन्ही गटांना विचारले, आता कोडे सोडवता की वाळूच्या थैलीसारख्या पिशवीवर ठोसे मारता? वेणी घातलेल्यांपैकी जास्त जणांनी ठोसे निवडले. पुढच्या प्रयोगात सर्वांनाच ठोसे मारायला लावले, तेव्हा वेणीवाल्यांचे ठोसे अधिक जोरदार पडले. आपण बायकी ठरलो की काय, या भीतीवर त्यांनी ठोशाचा उतारा शोधला.

आपल्याकडे ही भीती लहानपणीच पेरली जाते. "पोरीसारखा रडतोस काय?" "बांगड्या भर आता." "बायकोच्या मुठीत आहे." पारावर असा टोमणा ऐकलेला माणूस घरी जाऊन कोणावर जोर दाखवतो, हे सांगायला नको.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिची दंतकथा आपणा सर्वांना ठाऊक आहे : इकडचा मुलगा, तिकडची मुलगी, आणि दोन्ही काठांवरून सुटलेले दगड. त्या प्रथेचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण कथेतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दोन गावांची अब्रू एका मुलीवर ठेवली गेली, आणि त्या मुलीला काय हवे होते हे कोणी विचारले नाही. बाई म्हणजे पुरुषाची अब्रू, ही समजूत घरात शिरली की तिचे बाहेर जाणे, बोलणे, हसणे या सर्वांवर पहारा बसतो. मारहाण हे त्या पहाऱ्याचेच हत्यार आहे.

उलट पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी आठवा. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून चोळताना कोणाची मर्दानगी कमी होत नाही. वर्षभर जू वाहणाऱ्या मुक्या जिवाला माया दाखवणे शेतकरी पुरुषाला येते. मग घराचे जू बरोबरीने वाहणारीच्या वाट्याला ती माया का येऊ नये?

मुले पाहून शिकतात

१९६१ साली अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला मारले. नंतर त्या मुलांना बाहुलीजवळ सोडले, तेव्हा त्यांनी तसेच फटके मारले, तेच शब्द उच्चारले. मुलगे विशेषतः पुरुषाची नक्कल करीत होते. आणि बाईने बाहुलीला मारलेले पाहून काही मुले म्हणाली की हे बाईला शोभत नाही. पुरुषाने मारले तेव्हा मात्र त्यांनी वाखाणले. ती मुले तीन ते सहा वर्षांची होती. मारणे पुरुषाला शोभते, हे ती बालवाडीत येण्यापूर्वीच शिकून आली होती.

दारू आणि कर्ज

दारूचा संबंध आहे, यात शंका नाही. वरील सर्वेक्षणात ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात त्यांच्यापैकी शंभरात ७० जणींनी हिंसा सोसली होती; ज्यांचे नवरे पीत नाहीत त्यांच्यात हा आकडा २३ होता. म्हणून दारू सुटलीच पाहिजे. पण न पिणाऱ्यांच्या घरीही २३ उरतात, हे विसरू नका.

२०१४ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि एक आंतरराष्ट्रीय स्त्री-संशोधन केंद्र यांनी सात राज्यांतील ९,२०५ पुरुष आणि ३,१५८ स्त्रिया यांच्या पाहणीचा अहवाल काढला. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्यात होती. पैशाच्या ओढाताणीत सापडलेले पुरुष आणि मर्दपणाच्या ताठर कल्पना बाळगणारे पुरुष अधिक हिंसा करतात, असे त्यात दिसले.

संत्र्याचा भाव पडला, कापसाला अळी लागली, बँकेचा हप्ता थकला, की मनावर ताण येतो. बहार धरण्यासाठी आपण झाडालाही ताण देतो. पण तो मोजून देतो आणि वेळेवर पाणी सोडतो. मनाच्या ताणालाही वेळेवर ओलावा हवा. तो बायकोशी बोलण्यातून मिळतो. परंतु "मर्दाने रडायचे नाही, बायकोला व्यवहार सांगायचा नाही" या शिकवणीने ती वाट बंद होते. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यावर किंवा हप्ता मागणाऱ्या साहेबावर हा माणूस हात उचलतो काय? नाही. तिथे राग आवरता येतो. म्हणजे राग आवरत नाही हे खरे नव्हे. कुठे आवरायचा नाही, हे तो शिकलेला आहे.

समेट घडविणाऱ्यांनी सावध असावे

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ साली एक भेद दाखविला. काही घरांत भांडण पेटते आणि कोणाचाही हात उठतो. दुसऱ्या प्रकारात एकजण दुसऱ्याला कायम धाकात ठेवतो : पैसा हातात देत नाही, माहेरी जाऊ देत नाही, फोन तपासतो, आणि मार हा त्या धाकाचाच भाग असतो. पहिल्या प्रकारात दोघांना शेजारी बसवून बोलता येते. दुसऱ्यात ती नवऱ्यासमोर जे बोलेल, त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. म्हणून पंचांनी आणि वडीलधाऱ्यांनी आधी तिचे एकटीचे ऐकावे.

"विवाह अतूट आहे, तेव्हा सोसलेच पाहिजे ना?" असा प्रश्न आपल्या भगिनी विचारतात. नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातील कलम ११५३ प्रमाणे, जोडीदारामुळे स्वतःला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास रास्त कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली कुटुंबावरील आपल्या पत्रात सांगितले की कधीकधी वेगळे होणे नीतीच्या दृष्टीने आवश्यक ठरते. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधार घेणाऱ्या बंधूंनी एकविसावी ओवी आधी वाचावी. तिथे अधीनता दोघांनाही सांगितली आहे.

बदल होतो काय?

होतो. २००५-०६ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांत आणि गोरखपूरकडील खेड्यांत 'यारी दोस्ती' नावाचा उपक्रम झाला. तरुणांनी गटात बसून मर्दपणावर मोकळी चर्चा केली. त्यांच्या विचारांत फरक पडला, आणि जोडीदारावर हात उचलल्याचे सांगणाऱ्यांची संख्याही घटली. मुंबईत १९९३ साली पुरुषांनीच पुढाकार घेऊन 'मावा' ही संस्था काढली. ती तरुण मुलांबरोबर हेच काम करीत आहे.

आपण काय करावे?

१. हात उचलावासा वाटला की बंधूंनी घराबाहेर पडावे, धुऱ्यावर चक्कर मारावी, शांत झाल्यावर परत येऊन बोलावे. दारूच्या दुकानाची वाट धरू नये.

२. मुलाला ताट धुवायला आणि मुलीला बँकेत जायला शिकवावे. मुलगा रडला तर त्याला हसू नये.

३. शेजारी आरडाओरडा ऐकू आला तर दार ठोठवावे. विरजण मागायला आलो म्हणावे. एवढ्यानेही पुष्कळदा हात थांबतो. २००८ साली 'बेल बजाओ' मोहिमेने देशभर हेच सांगितले.

४. जखम लपवू नये. सरकारी दवाखान्यात खरे कारण सांगावे आणि ते लिहून घेण्यास सांगावे. गरोदरपणी मार बसल्यास गर्भ पडण्याचा किंवा बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. आशाताईंना किंवा नर्सबाईंना लगेच कळवावे.

५. जिवाला धोका असेल तर ११२, सल्ल्यासाठी आणि आसऱ्यासाठी १८१ हा क्रमांक फिरवावा. पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जवळचे 'सखी' केंद्र कोणते, हे १८१ वर सांगतात.

६. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ आणि पैशाची अडवणूकही येते, आणि स्त्रीला सासरच्या घरात राहण्याचा हक्क मिळतो.

समूहात चर्चेसाठी : आपल्या घरात मुलाला आणि मुलीला कोणती वेगळी वाक्ये ऐकवली जातात? त्यांतील कोणते एक वाक्य आपण या आठवड्यापासून बंद करणार?