जबड्याची पकड आणि पायांचे बळ

चिखलात रुतलेल्या बैलगाडीच्या चाकाला खांदा देणारा शेतकरी असो किंवा पाठीवर पोते घेणारा हमाल असो, जोर लावताना तो नकळत दात घट्ट आवळतो. या सवयीचा पायांच्या बळाशी काही संबंध आहे काय?

गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर हलका ठोका दिला असता पाय झटकन पुढे उडतो. एर्ब व वेस्टफाल या जर्मन वैद्यांनी 1875 मध्ये या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले. पुढे 1880 च्या दशकात हंगेरीचे वैद्य येंद्राशिक यांनी असे दाखविले की, रुग्णाने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढली, तर हाच झटका अधिक जोरदार येतो. दात आवळल्यानेही असाच परिणाम होतो. 1996 मध्ये जपानी संशोधकांना पोटरीच्या स्नायूच्या प्रतिक्षिप्त क्रियेत अशी वाढ आढळली. शरीराच्या एका भागातील जोरकस आकुंचनामुळे मज्जारज्जूतील पायांच्या चेतापेशी अधिक तत्पर होतात, असा याचा अर्थ होय.

परंतु तत्परता म्हणजे बळ नव्हे. 2008 मध्ये अमेरिकेत खेळाडूंच्या उंच उडीसारख्या हालचालीवर प्रयोग झाला. दात आवळले असता पायांचा जोर अधिक वेगाने वाढला. मात्र त्याची कमाल मर्यादा वाढली नाही. अन्य प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. तेव्हा दात आवळणे ही क्षणिक मदत आहे. नियमित व्यायाम, पुरेसा आहार व विश्रांती यांची जागा ती घेऊ शकत नाही.

कबड्डी किंवा धावण्याचा सराव घेणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानी ठेवावे. मुलांना मुद्दाम दात आवळण्यास शिकवू नये. वारंवारच्या दाबाने दात झिजतात, जबड्याचा सांधा दुखू लागतो. दातांबरोबर श्वासही कोंडला गेल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. वयस्क व हृदयरोगी व्यक्तींना ते धोक्याचे ठरते. श्रमदानात ओझे उचलणाऱ्यांनाही, उचलताना श्वास सोडावा, असे आवर्जून सांगावे.

वर्गात मात्र हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. विद्यार्थ्याला पाय लोंबते ठेवून उंच बाकावर बसवावे आणि तळहाताच्या कडेने वाटीखाली हलका ठोका द्यावा. नंतर बोटे ओढावयास सांगून पुन्हा द्यावा. फरक बहुधा डोळ्यांना दिसेल. झटका कमी-अधिक असणे हे सर्वसाधारणपणे रोगाचे लक्षण नसते, हेही त्याच वेळी समजावून द्यावे.