हयातीत जमीन देणे : बक्षीसपत्राविषयी

आपल्या मागे मुलांत तंटा नको, सबब हयातीतच जमीन त्यांच्या नावे करून द्यावी, असे म्हणणारे कास्तकार पुष्कळ आढळतात. विचार चांगला आहे. तथापि बक्षीसपत्र व मृत्युपत्र यांतील भेद ध्यानी न घेता कित्येक जण सही करून मोकळे होतात.

मृत्युपत्र मरेपर्यंत हवे तेव्हा बदलता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे दात्याची सही, निदान दोन साक्षीदार, नोंदणी व दात्याच्या हयातीत घेणाऱ्याचा स्वीकार, इतके झाले की जमीन दुसऱ्याची झाली. पुढे मन पालटले म्हणून ती परत येत नाही.

खर्च मात्र थोडा. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांस राहते घर वा शेतजमीन दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते. इतर आकार निराळे. भाऊ व पुतणे या यादीत नाहीत. अविभक्त वडिलोपार्जित जमिनीतील आपला हिस्सा इतर सहदायकांच्या संमतीवाचून बक्षीस देता येत नाही, आणि २००५ पासून मुलीही सहदायक आहेत, हे विसरू नये. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

आम्ही महसूल खात्यात कारकून असताना एक वृद्ध गृहस्थ आमच्या मेजापाशी येऊन उभे राहिले. दोन्ही गट त्यांनी मुलाच्या नावे केले होते. पुढे पीककर्ज मागावयास गेले, तो सातबारावर नाव नाही म्हणून त्यांस परत लाविले. "विहीर मीच खणली हो," एवढेच ते म्हणाले. आम्ही दस्त वाचून पाहिला. मुलाने सांभाळ करावा, असा एक शब्दही त्यात नव्हता. पोटच्या मुलाकडून काय लिहून घ्यावयाचे, असे त्यांस वाटले असावे.

तो शब्द किती मोलाचा, हे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दिसते. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली व घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर निर्वाह न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. २०२५ साली त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला खरा. पण त्या उदारतेवर भिस्त ठेवून दस्त कोरा का ठेवावा? अट दस्तातच स्पष्ट लिहावी. शिवाय हयात असेपर्यंत वहिवाट व उत्पन्न आपणाकडे राखूनही बक्षीसपत्र करता येते. २०१४ च्या निकालाने तसे बक्षीसपत्र वैध ठरले आहे. आमच्या मते एखादा गट आपल्या नावे राखावाच. तुकडा पाडावयाचा झाल्यास मात्र तुकडेबंदीचा कायदा आधी पाहावा.

दस्त नोंदला म्हणजे काम संपले असेही नाही. तलाठ्याकडे (२०२४ पासून त्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार पडतो व हितसंबंधितांस नोटिसा निघतात. मुदत सरून फेरफार मंजूर झाला की सातबाराचा उतारा काढून नाव, गट व क्षेत्र स्वतः वाचून पाहावे. गटाचा एक आकडा चुकल्यामुळे वर्षानुवर्षे चाललेले दुरुस्तीचे अर्ज आम्ही हाताळिले आहेत.