युरिया कमी, जमिनीचा कस जास्त

भातकापणी झाली. आता पनवेलकडच्या गावांत वांगी, मिरची, मुळा, पालेभाजी लावायचे दिवस आले. भाजी लवकर वाढावी म्हणून आपण युरिया टाकतो. थोड्याच दिवसांत पाने हिरवीगार होतात. जिवाला बरे वाटते. मग आणखी मूठभर टाकतो.

इथेच आपण फसतो. युरियात नत्र असते. पिकाला लागते तेवढेच ते घेते. उरलेले कुठे जाते? काही हवेत उडते. काही पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते. नत्र फार झालेले पाणी तान्ह्या मुलांना घातक असते. शिवाय जादा नत्राने पाला लुसलुशीत होतो. त्यावर मावा पडतो. फळ कमी धरते. खताचा पैसा गेला, वर औषधाचा खर्च!

मग युरिया एकदम बंद करायचा का? नको. आधी जमिनीचा कस वाढवू, मग युरिया कमी करू. कुजलेले खत जमिनीत असले म्हणजे ती ओल आणि नत्र धरून ठेवते. कस नसलेली जमीन म्हणजे फाटकी गोणी. किती भरा, गळतेच.

थोडा हिशेब करू. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते. 1 टन चांगल्या शेणखतात साधारण 5 किलो. म्हणजे 4 टन शेणखत एका गोणीच्या जवळपास आले. पण ते सगळे पहिल्या वर्षी मिळत नाही, हळूहळू मिळते. म्हणून शेणखत दरवर्षी घालावे.

आता काय करावे?

1. माती तपासून घ्या. शेतात 8-10 ठिकाणची 6 इंच खोल माती काढा. ती मिसळून त्यातली अर्धा किलो द्या. कुठे द्यायची ते सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

2. शेण व पालापाचोळा खड्ड्यात कुजवा. कच्चा पेंढा वाफ्यात मिसळू नका. तो कुजताना पिकाचे नत्र ओढतो.

3. बांधावर गिरिपुष्प लावा. त्याचा पाला नत्राचा साठाच आहे.

4. भाताच्या तुसाचा काळा कोळसा करा. राख होऊ देऊ नका. तो शेणखतात मुरवून मग घाला. खाडीकाठच्या खारपट जमिनीत मात्र आधी विचारून घ्या. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे.

5. युरिया एकदम न देता थोडा थोडा, ओलीवर द्या. वर माती ओढा.

आम्ही सांगतो म्हणून मानू नका. दोन सारखे वाफे करा. दोन्हीत शेणखत घाला. एकाला नेहमीइतका युरिया द्या, दुसऱ्याला पाऊण. दोन्हींची भाजी तोलून वहीत लिहा. तुम्हाला आता लिहिता येते ना? मग तराजू काय सांगतो ते पाहा. पाऊण पुरला, तर पुढच्या वर्षी आणखी थोडा कमी करा.

सांगा पाहू :
जादा नत्र कुठे जाते?
कच्चा पेंढा का घालू नये?
तुमच्या बांधावर गिरिपुष्प आहे का?