परत फिरायचं कोणी?

कळसूबाईची उंची साधारण ५,४०० फूट. लडाखमधल्या चांग लाची ५,३६० मीटर. लेहला जायच्या आधी मी हे दोन्ही आकडे वाचलेले होते, पण फूट आणि मीटर शेजारीशेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. कळसूबाई मी नऊ वेळा चढले आहे, त्यातही एकदा रात्री, विजेरीच्या उजेडात. ‘आपल्याला डोंगराची सवय आहे’ हे वाक्य आमच्या घरात इतकं मुरलेलं, की निघताना औषधांच्या पिशवीत गुडघ्याचा बाम आणि क्रोसिन एवढंच होतं. बाकी जागा भाकरवडीने घेतली होती.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, मोठे दीर आणि जाऊबाई. भाऊजी ६१ वर्षांचे, रोज सकाळी सहा किलोमीटर चालणारे, आणि ते सगळ्यांना सांगणारे. आराखडा तसा शहाण्यासारखा केलेला होता: लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसता आराम आणि मग एक दिवसाची पँगाँग सरोवराची सहल. खासगी गाडी, चालकच वाटाड्या, पहाटे निघायचं आणि रात्री मुक्कामाला परत. पण दिल्लीहून लेहचं विमान हवेमुळे रद्द झालं. तिकडे बहुतेक विमानं सकाळीच उतरतात, हवा बिघडली की दिवस गेलाच. आमचा एक दिवस दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात छोले खाण्यात संपला. परतीची तिकिटं पक्की होती. मग कापायचं काय? आरामाचाच एक दिवस कापला. दिसत काही नाही, करत काही नाही, असा दिवस कापणं सोपं असतं.

तर समुद्रसपाटीवरच्या ठाण्यात राहणारी आम्ही माणसं लेहच्या ३,५०० मीटरवर उतरलो, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाच वाजता गाडीत बसलो. रात्री भाऊजींना झोप लागली नव्हती. उंचीवर पहिल्या रात्री झोप मोडतेच. त्यांनी झोपेची गोळी घेतली. हे आम्हाला नंतर, दवाखान्यात कळलं. झोपेच्या गोळीने श्वास आणखी मंदावतो, म्हणून अशा ठिकाणी डॉक्टर ती घेऊ नका म्हणतात. दारूचंही तेच.

चालक चाळिशीचा, कमी बोलणारा. मी त्याला ‘भैया’ म्हणत होते. लडाखीत मोठ्या भावाला ‘आचो’ म्हणतात हे त्यानेच सांगितलं, तेव्हापासून ‘आचो’. शे, ठिकसे, कारूची चौकी, मग सक्तीच्या हिरव्या शेतांमधून वर. झिंगरालच्या पुढे चढ सुरू झाला आणि भाऊजींच्या गप्पा बंद झाल्या. आमच्या घरात भाऊजी गप्प झाले तर आनंद होतो, म्हणून कोणी चौकशी केली नाही.

‘ला’ म्हणजेच खिंड. चांग लाच्या माथ्यावर प्रार्थनेच्या पताका, सैनिकांनी बांधलेलं चांगला बाबाचं देऊळ, जून महिन्यातही कडेला मळकट बर्फ. आचो म्हणाला, “पंधरा-वीस मिनिटं बस.” आम्ही पाऊण तास होतो. पाटीपाशी फोटोंची रांग होती आणि आपली पाळी सोडून जायला आम्ही काही परदेशी नव्हतो. भाऊजी फोटोपुरते हसले. डोकं दुखतंय म्हणाले, क्रोसिन घेतली. आचोने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मी ते पाहणं पाहिलं. मी विचारलं, “पुढे जायला हरकत नाही ना?”

तो म्हणाला, “जैसा आप बोलो, मॅडम.”

मी त्याचा अर्थ ‘हरकत नाही’ असा घेतला.

इथे थोडं थांबून शरीराचं सांगायला हवं, कारण हे मला कोणी आधी समजावलं असतं तर बरं झालं असतं. वर ऑक्सिजन ‘नसतो’ असं आपण म्हणतो, ते खरं नाही. हवेतलं त्याचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, चांग लावर जेमतेम निम्मा. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन निम्माच मिळतो. शरीर हे हळूहळू निभावून नेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि तुमच्या मांड्या किती कणखर आहेत याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. ते सगळे तरणेबांड, कवायतीत घडलेले जवान होते. तिथे माझ्या नऊ कळसूबाया कोण विचारतो?

आणि दिवसाच्या सहलीचा एक फसवा दिलासा असतो: ‘रात्री खालीच झोपायला यायचं आहे ना, मग काय होतंय!’ हे अर्धं खरं आहे. उंचीचे नियम मुख्यतः झोपण्याच्या उंचीबद्दलच आहेत. ३,००० मीटरच्या वर एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त चढून झोपू नये, असं सांगतात. पण त्यात गृहीत असतं की जिथून निघालात तिथे शरीर रुळलेलं आहे. आमचं लेहलाच रुळलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट नकाशा पाहूनही माझ्या लक्षात आली नव्हती, आणि पँगाँगला जाणाऱ्या प्रत्येकाला मी ती सांगते. उंचीचा त्रास झाला तर पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. पण चांग ला ओलांडून तुम्ही दुर्बुक, तांगत्सेकडे उतरता, मग पुन्हा थोडे चढून सरोवराशी पोचता, सुमारे ४,२५० मीटरवर. तिथे कोणी आजारी पडलं तर लेहला परतायला आधी पुन्हा ५,३६० मीटरवर जावं लागतं. खाली जायची वाट वरून जाते. आपल्याकडे एखाद्या किल्ल्यावर पाय मुरगळला तर निदान प्रत्येक पाऊल घराकडे तरी पडतं.

पँगाँगचं वर्णन मी करणार नाही. निळा रंग खरंच तसा आहे, आणि ‘थ्री इडियट्स’मुळे काठावर पिवळ्या स्कूटरींची रांगही आहे. भाऊजी गाडीतून उतरताना दाराला धरून उभे राहिले, दोन पावलं टाकली आणि उलटी झाली. मग म्हणाले, “आता बरं वाटतंय.” जाऊबाईंनी आलं-लिंबू दिलं. नवरा म्हणाला, इतके पाच तास आलोय, जेवून निघू. आणि मी? मी त्यांना मॅगीच्या तंबूकडे नेताना पाहिलं, की ते सरळ चालत नाहीयेत. खडे आहेत म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नेमकं तेच लक्षण होतं.

मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते जसं समजलं तसं सांगते. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, थकवा, झोप न लागणं हा पहिला टप्पा. यात वर जायचं नाही, थांबायचं, आणि वाढलं तर उतरायचं. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, विचित्र वागणं म्हणजे मेंदूला सूज येऊ लागली असण्याची शक्यता. बसल्या जागी धाप, सतत खोकला, गुलाबीसर फेस म्हणजे फुप्फुसात पाणी. या दोन्हींत वाट पाहायची नसते. तोलाची परीक्षा अगदी सोपी: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना चिकटवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगायचं. लहानपणी नात्यातल्या लग्नांत फरशीच्या रेषेवर आपण चालायचो तसं. जमलं नाही तर ‘खडे आहेत’ म्हणायचं नाही.

परतताना आचोने तांगत्सेला न विचारता गाडी सरकारी आरोग्य केंद्रापाशी उभी केली. त्या दिवसातला हा पहिला निर्णय त्याने स्वतः घेतला, आणि तेव्हाही मला क्षणभर ‘आता हे कशाला?’ असंच वाटलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी भाऊजींना रेषेवर चालवलं. तिसऱ्या पावलाला ते भिंतीवर गेले. इंजेक्शन, ऑक्सिजन, दोन तास खाटेवर. मग मोठं नळकांडं गाडीत ठेवून चांग ला कुठेही न थांबता पार केला. मी मागच्या सीटवर त्यांच्या नाकावरचा मुखवटा धरून होते आणि पाटी कधी आली, कधी गेली, कळलं नाही. लेहच्या दवाखान्यात तीन रात्री. आता ते उत्तम आहेत, सहा किलोमीटर चालतात, आणि ‘मला काही झालं नव्हतं, हिने उगाच’ असं सांगतात.

ऑक्सिजनवरून आठवलं. आमच्या गाडीतही ‘ऑक्सिजन’ होता: बाजारात मिळतो तो हलका फवाऱ्याचा डबा. त्यात पाच-दहा लिटर वायू असतो. मुखवट्यातून मिनिटाला दोन लिटर दिला तर दहा लिटर पाच मिनिटांत संपतात. फोटोत छान दिसतो. गाडीत हवं ते दाबमापक असलेलं खरं नळकांडं, मुखवट्यासकट, आणि निघण्याआधी काटा आपल्या डोळ्यांनी पाहायचा. भाड्याने मिळतं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर दुसऱ्या दिवशी मी आचोला विचारलं, “तुम्हाला चांग लावरच कळलं होतं ना?” तो म्हणाला, हो. मग बोलला का नाहीत, म्हणून मी चिडले. त्याने जे सांगितलं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. आठवड्यापूर्वी त्याने एका कुटुंबाला झिंगरालहून परत आणलं होतं. लहान मूल निळं पडत होतं. परतल्यावर त्यांनी अर्धेच पैसे दिले, पँगाँग दाखवलंच नाही म्हणून, आणि गाडी पाठवणाऱ्याकडे तक्रारही केली. लडाखच्या पर्यटनाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. “आप लोग साल में एक बार आते हो,” तो म्हणाला, “हमें रोज़ गाड़ी भेजनेवालों के साथ काम करना है.”

बसच्या सहलीत वेळापत्रक तुम्हाला ओढत नेतं, म्हणून आपण खासगी गाडी घेतो. गाडी अख्खी आपली, वेळ आपला, थांबायचं तिथे थांबू. पण ज्याला डोंगर कळतो तो माणूसही त्या दिवसापुरता आपला नोकर होऊन बसतो, आणि नोकराने नाही म्हणायचं नसतं हे आपण त्याला न बोलता सांगतो. मी पैसे देऊन जाणकार घेतला आणि त्याच पैशांनी त्याचं तोंड बंद केलं.

म्हणून निघण्याआधी, गाडीत बसायच्याही आधी, आदल्या संध्याकाळी चालकाशी बोला. एजंटाशी नव्हे, चालकाशी. त्याला स्पष्ट सांगा की कुठूनही परत फिरलो तरी ठरलेले पूर्ण पैसे मिळतील, आणि जमलं तर ते आधीच हातात ठेवा. सांगा की तुम्ही म्हणाल तर आम्ही वाद घालणार नाही. आणि मग प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर ‘जैसा आप बोलो’ होऊ शकत नाही: “ही तुमची आई असती, तर तुम्ही तिला पुढे नेलं असतं का?” प्रश्न गुळगुळीत वाटेल, पण खोटं उत्तर देता येत नाही. आणि घरातल्यांपैकी एकाने आजच्या दिवशी चिडखोर व्हायचं ठरवा, जो फोटोत नसेल आणि घड्याळ पाहील. तो माणूस सगळ्यात दणकट नसावा. दणकट माणसं वाईट परीक्षक असतात. आम्ही चौघंही दणकट होतो.

बाकीची तयारी थोडक्यात. लेहला किमान दोन पूर्ण दिवस, आणि विमान चुकलं तर सहल कापा, आराम नको. पहिली सहल सिंधूच्या उताराकडे घ्या: निम्मूपाशी सिंधू आणि झंस्करचा संगम, मग अल्ची. अल्ची लेहपेक्षा खाली आहे, जुनी चित्रं पाहण्यासारखी आहेत आणि तिथे कोणी ‘दुनियेतली सगळ्यात उंच’ म्हणून पाटी लावलेली नाही. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी अनेकजण घेतात. सल्फाची अॅलर्जी असेल तर ती चालत नाही, म्हणून ती मैत्रिणीच्या सल्ल्याने न घेता निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, रक्तदाबाच्या गोळ्यांसकट सगळं सांगून. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. चौघांत एक तरी पोस्टपेड असू द्या. बोटावरचा ऑक्सिमीटर जवळ ठेवा, पण आकडा बरा दिसतोय म्हणून डगमगणाऱ्या माणसाला पुढे नेऊ नका.

परतीच्या आधी एक दिवस शिल्लक होता. भाऊजी विश्रांती घेत होते, जाऊबाई त्यांच्यापाशी. मी आणि नवऱ्याने आचोबरोबर खार्दुंग लाला जायचं ठरवलं. लेहपासून चाळीसेक किलोमीटर, दुपारपर्यंत परत. वर्षानुवर्षे त्याच्या माथ्यावर १८,३८० फुटांची पाटी होती; मोजणीत तो त्याहून बराच कमी भरतो. तरी लहानपणापासून त्या पाटीखालचा फोटो हवा होता. पैसे मी सकाळीच दिले. साऊथ पुल्लूच्या चौकीपाशी चहा घ्यायला उतरले आणि कप हातातून निसटला. मी हसले. आचोने माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता गाडीत बसला, आणि गाडीचं तोंड लेहकडे केलं.

पाच मिनिटं मी त्याच्यावर मनापासून रागावले होते. मग डोकं ठणकायला लागलं. खार्दुंग ला मी अजून पाहिलेला नाही.