वजन ९५ किलो, चाक किती स्पोकचं?

नवी रोड बाइक घेतल्यावर पहिले काही महिने सगळं मस्त चालतं. मग एके दिवशी मागच्या चाकातून 'टण्ण' असा आवाज येतो आणि रिम ब्रेकला घासायला लागते. दुकानात नेलं की स्पोक बदलून, आऊट काढून मिळतो. पंधरा दिवसांनी पुन्हा टण्ण! तिसऱ्या खेपेला दुकानदार आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "दादा, आधी वजन कमी करा."

वजन कमी करायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ९५ किलोच्या माणसाला रोज कॉलेजला सायकलनेच यायचं असेल, तर त्याला टिकणारं चाक मिळायला हवं, आणि ते मिळतं. फक्त ते कशाने टिकतं हे कळलं पाहिजे. त्यासाठी थोडं एसओएम लागेल. घाबरू नका, सबमिशन नाही.

आधी एक व्हायवाचा प्रश्न. सायकलवर बसल्यावर वजन कोणते स्पोक पेलतात, वरचे की खालचे? बहुतेक जण सांगतील, वरचे; कारण स्पोक म्हणजे तार, ती दाब घेऊच शकत नाही, म्हणून हब वरच्या तारांना लटकलेला असणार. ऐकायला बरोबर वाटतं. पण चाक बांधतानाच सगळे स्पोक जोरात ताणलेले असतात. आपण बसलो की वरच्या स्पोकचा ताण जवळजवळ तेवढाच राहतो, आणि जमिनीलगतच्या चार-पाच स्पोकचा ताण मात्र कमी होतो. ताण कमी होणं म्हणजेच दाब घेणं! सिव्हिलवाल्यांना हे लगेच पटेल, कारण हेच प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट, फक्त उलटं. तिकडे काँक्रीटवर कधी ताण येऊ द्यायचा नसतो, इकडे तारेवर कधी दाब येऊ द्यायचा नसतो. अमेरिकन इंजिनिअर योबस्ट ब्रँट यांनी १९८१ साली 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात फायनाइट एलिमेंट पद्धतीने हिशेब करून हे मांडलं.

आता तुटण्याकडे येऊ. साधा स्पोक २ मि.मी. जाडीचा, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौ. मि.मी. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूला ताण साधारण १००० ते १२०० न्यूटन. भागाकार केला तर ३५० मेगापास्कलच्या आसपास येतो, आणि स्पोकच्या स्टेनलेस तारेची ताकद १००० च्या वर असते. म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी जवळपास तीन. तरी तुटतो! कारण तो ओढून तुटत नाही, थकून तुटतो. फटीग. ७००सी चाकाला २८ मि.मी. टायर असेल तर परीघ सुमारे २.१३ मीटर, म्हणजे किलोमीटरला अंदाजे ४७० फेरे. रोज २० कि.मी. आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर साडेतेवीस लाख फेरे होतात, आणि दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक एकदा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. तुटतो तोही बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, हबच्या फ्लँजपाशी जिथे त्याला कोपरासारखा बाक दिलेला असतो तिथे. कुठला तुटलेला स्पोक हाती आला तर बघा.

आणि मागचाच का? एक तर जवळपास ६० टक्के वजन मागे येतं. दुसरं म्हणजे गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून उजवीकडचा फ्लँज आत सरकवलेला असतो. रिम मध्यावर ठेवायची तर उजवे स्पोक खूप ताणावे लागतात आणि डावे बरेच सैल राहतात, कधी उजव्याच्या निम्म्या-साठ टक्के ताणावर. आता ढोबळ हिशेब करा: स्वार ९५ किलो, सायकल ११, दप्तर ६, एकूण ११२. त्याचे ६० टक्के म्हणजे सुमारे ६७ किलो, ६६० न्यूटन. खालच्या चार स्पोकनी वाटून घेतलं तर प्रत्येकी १६५ न्यूटनने ताण घटणार. सपाट रस्त्यावर ठीक. पण खड्ड्यात आदळल्यावर हाच आकडा तीन-साडेतीन पटीने वाढला तर डाव्या स्पोकचा ६०० न्यूटनचा ताण जवळजवळ संपलाच. पूर्ण सैल झालेल्या स्पोकचा निपल आपोआप फिरतो, चाक आऊट होतं, शेजारच्यांवर बोजा पडतो. टण्ण!

म्हणजे करायचं काय, तर दर फेऱ्याला होणारी ही ताणाची घट लहान ठेवायची आणि ताण कधी शून्यावर येऊ द्यायचा नाही. पुढची सगळी निवड यातूनच निघते.

स्पोक जास्त हवेत. शोरूममध्ये २० आणि २४ स्पोकची चाकं दिसायला झकास असतात. ६० किलोच्या रेसरला ती शोभतात आणि पुरतात. त्यांचे बनवणारे उंच, ताठ रिम वापरून तूट भरून काढतात हे खरं, पण एक स्पोक गेला की रिम एवढी वाकते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रोजच्या वजनदार स्वाराने मागे ३६, पुढे ३२ घ्यावेत. एक तुटला तरी घरी पोचता येतं. आजोबांच्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या, आणि तिच्यावर दुधाचे कॅन लटकवून लोक गावभर फिरले. ती मंडळी फायनाइट एलिमेंट शिकली नव्हती.

स्पोक कुठला? इथे गंमत आहे. वजन जास्त म्हणून जाडजूड तार घ्यावी असं वाटतं, पण मध्ये बारीक केलेला डबल बटेड स्पोक, दोन्ही टोकांना २ आणि मध्ये १.८ मि.मी., जास्त टिकतो. मधला भाग थोडा जास्त लांबतो, त्यामुळे झटका तिथे मुरतो, कोपरावर कमी येतो, आणि खालचा स्पोक चटकन सैल पडत नाही. मशीन डिझाइनमधला 'बोल्ट ऑफ युनिफॉर्म स्ट्रेंग्थ' आठवला का? तोच हा. निदान मागच्या चाकाला तरी असे स्टेनलेस स्पोक घ्या.

रिम डबल वॉलचीच हवी. ओळखायची युक्ती सोपी आहे: रिम टेप उचलून बघा. निपलचं डोकं टेपच्या लगेच खाली दिसलं तर सिंगल वॉल, खोल भोकात दिसलं तर डबल वॉल. रिम ताठ असेल तर वजन जास्त स्पोकमध्ये वाटलं जातं, म्हणून शंभर ग्रॅम वाचवायला हलकी रिम घेण्यात अर्थ नाही. (तेवढं तर आपण एका वडापावात भरून काढतो.)

हबबद्दल दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: फ्रीव्हील की फ्रीहब? स्क्रूच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग गिअरच्या आत राहतं आणि ॲक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर लोंबतो. कॅन्टिलिव्हरच तो! जड स्वाराखाली हा ॲक्सल वाकतो, कधी तुटतोही. शिमानोने १९७८ साली आणलेल्या फ्रीहबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाकडे नेलं आणि हा प्रश्न जवळपास मिटला. स्वस्त सात गिअरच्या सायकलींवर अजून फ्रीव्हील सापडतं, तेव्हा बघून घ्या.

हे सगळं उत्तम घेतलं आणि चाक नीट बांधलेलं नसलं तर पैसे पाण्यात. आमच्या मते ब्रँडपेक्षा मिस्त्री महत्त्वाचा. मशीनवर बांधलेलं चाक फिरवून बघितलं तर सरळ दिसतं, पण आत एक स्पोक कडक आणि शेजारचा ढिला असू शकतो. तपासायला यंत्र नको, कान पुरतो. एका बाजूचे स्पोक नखाने छेडत जा. सगळ्यांचा स्वर साधारण सारखा यायला हवा. डाव्या बाजूचा स्वर उजवीपेक्षा खालचा येणारच, ते चालेल, पण त्या बाजूचे सगळे आपसात जुळले पाहिजेत. बांधून झाल्यावर शेजारचे समांतर स्पोक जोडीजोडीने हाताने जोरात आवळायला सांगा. त्याने कोपरातला बनवतानाचा उरलेला स्ट्रेस निघून जातो आणि आयुष्य खूप वाढतं. एक सावधगिरी: घट्ट म्हणजे हवं तितकं घट्ट नव्हे, ताण फार झाला की स्पोकच्या भोकापाशी रिमला चीर जाते. दोन-तीन आठवडे चालवून एकदा पुन्हा दाखवून आणा.

चाक बदलायला आत्ता पैसे नसतील तर टायर बदला. २३ किंवा २५ च्या जागी २८, आणि फ्रेममध्ये मावत असेल तर ३२. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये पेन्सिल सरकेल एवढी जागा राहायला हवी. खड्ड्याचा झटका आधी हवेत मुरतो, मग रिमकडे जातो. हवा मात्र आठवड्याला बघायची. स्पीडब्रेकरवर सीटवरून उठून पायांवर उभं राहायचं, हे फुकट आहे. आणि दप्तर मागच्या कॅरिअरला लावलं तर त्याचं जवळपास सगळं वजन मागच्या चाकावर जातं, हेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यात रिम ब्रेकच्या रबरात वाळू अडकून रिमची कड घासली जाते. बऱ्याच रिमच्या कडेला एक बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली. डिस्क ब्रेक असेल तर हा त्रास नाही, पण मग ब्रेकचा टॉर्क स्पोकमधून जातो, म्हणून पुढच्या चाकातही काटकसर नको आणि सरळ रेडिअल स्पोक तर नकोतच. तयार व्हीलसेट घेताना वजनाची मर्यादा वाचा. ती नुसत्या स्वाराची आहे की सायकल आणि सामान धरून, हे कंपनीगणिक बदलतं.

वाटेत उजवा स्पोक तुटला तर रिम डावीकडे जाते. तुटलेल्याच्या शेजारचे दोन डावे स्पोक अर्धा-एक फेरा सैल करा, चाक घासायचं थांबतं आणि घर गाठता येतं. स्पोक की दहा रुपयांच्या पेनाएवढीसुद्धा जागा घेत नाही, दप्तरात टाकून ठेवा. आणि काही महिन्यांत त्याच बाजूचा तिसरा स्पोक गेला तर एकेक बदलत बसू नका. त्या बाजूच्या सगळ्यांनी तेवढेच लाख फेरे खाल्लेले आहेत, बाकीचेही रांगेत उभे आहेत. ती पूर्ण बाजू नव्या डबल बटेड स्पोकनी बांधून घ्या. हब आणि रिम चांगली असेल तर नवीन चाक घ्यायचीही गरज नाही. पुढचं चाक आहे तसंच राहू द्या, सगळे पैसे मागच्यावर घाला.