जड पाण्याचे मासे आणि लहान टाकीचा हिशेब

चिंचोळी एमआयडीसीत कापडाच्या धंद्यात वावरणाऱ्यांना जड पाण्याचा त्रास वेगळा सांगायला नको. साबणाला फेस येत नाही, रंग सारखा बसत नाही. आम्ही कापडवाले या पाण्याला नावे ठेवतो. पण आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांच्या सिक्लिड माशांना असेच पाणी मानवते. घरी शोभेची टाकी ठेवू इच्छिणाऱ्या बांधवांनी खरेदीपूर्वी तीन हिशेब करावेत.

पहिला जागेचा. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करावा व त्याला २८ ने गुणावे, म्हणजे लिटर निघतात. २ × १ × १ फुटाच्या टाकीत ५६ लिटर पाणी मावते. दुकानात दिसणारी मलावीची रंगीत पिल्ले बोटाएवढी असतात. पुढे ती चार-पाच इंचांची होतात, जागेसाठी भांडतात आणि दुबळ्याला मारतात. त्यांना चार फुटी टाकी हवी. लहान टाकीत टांगानिकाचे, शंखात राहणारे ‘मल्टी’ जातीचे मासे ठेवावेत. ते दोन इंचांच्या आतच राहतात. तळाला वाळू आणि गोगलगायीचे उकळून धुतलेले रिकामे शंख घालावेत. जात एकच ठेवावी.

दुसरा पाण्याचा. पीएच ८ ते ९ व उष्णता २४ ते २७ अंश असावी. बोअरचे पाणी तपासूनच वापरावे. सॉफ्टनरचे पाणी नको; त्यातला चुना गेलेला असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून मगच ते घालावे. रंगकामाची बादली टाकीला लावू नये.

तिसरा सबुरीचा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि जास्त पीएचच्या पाण्यात तो अधिक विषारी ठरतो. त्याचा निचरा करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. घाईने मासे सोडले तर पैसा आणि जीव दोन्ही जातात. नंतर दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून हवेचा पंप चालू ठेवावा. वीज जाते तेव्हाची सोयही करून ठेवावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. नकोसे झालेले मासे विहिरीत वा तलावात सोडू नयेत. उजनीच्या जाळ्यात येणारी चिलापी हीसुद्धा आफ्रिकेतलीच सिक्लिड. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि पुढे देशी माशांच्या वाट्याला आली. मासे विकणाऱ्यानेही गिऱ्हाइकाला पूर्ण वाढीचे माप आधी सांगावे. मापात खोट नसेल तरच सौदा खरा.