कोटा भरला की वजनाची नोंद अडते ती कशी?



‘कोटा’ हा शब्द आपल्याला नवा नाही. साखर दरमहा किती विकायची याचा कोटा केंद्र सरकारने २०१८ पासून पुन्हा लावला. गोदामात पोती असली तरी कोट्याबाहेर विक्री नाही. संगणकाचेही तसेच. वजनकाटा, शेतकी आणि हिशेब खाते यांच्या फायली एकाच सामाईक सर्व्हरवर राहतात. एकानेच सगळी जागा खाऊ नये म्हणून प्रत्येकाची हद्द आखलेली असते. ही युक्ती १९८३ च्या सुमारास मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांनी बर्कलेच्या युनिक्स प्रणालीत आणली.

समजा, काट्यावर ट्रॅक्टर उभा आहे आणि पडद्यावर ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ असे आले. कारकून म्हणतो, ‘अहो, निम्मी डिस्क मोकळी आहे!’ दोन्ही खरे. गोदाम मोकळे, आपला खण भरलेला. ‘परमिशन डिनाइड’ आले तर तो कुलपाचा प्रश्न, कोट्याचा नव्हे. शिंगणापूरकरांना हा फरक सांगायला नको. घराला कुलूप नाही म्हणून कणगीत मापाबाहेर धान्य थोडेच मावते!

कोटा काट्यावरच्या संगणकावर शोधू नये, सर्व्हरवर ‘रेपकोटा’ ही आज्ञा देऊन पाहावा. तिथे दोन हद्दी दिसतात. पक्की हद्द ओलांडताच येत नाही. कच्ची ओलांडली तर मुदत मिळते, बहुधा ७ दिवसांची. मुदत सरली की कच्चीच पक्की होते. म्हणून कालपर्यंत चाललेले काम आज अचानक अडते. फायलींच्या संख्येवरही वेगळी हद्द असू शकते. हजारो बारीक पावत्यांनी ती आधी भरते, जागा उरलेली असली तरी. आणखी एक गंमत: फाईल कोणाच्याही कपाटात असो, ती मोजली जाते मालकाच्या नावावर. पुसूनही जागा सुटली नाही, तर ती फाईल एखाद्या चालू प्रोग्रामने धरून ठेवलेली असते. तो आधी बंद करावा.

खरा धोका पुढे आहे. जाळ्यावरून लिहिताना मजकूर आधी काट्याच्या संगणकातच साठतो. कोटा भरल्याचे फाईल बंद करताना कळते, आणि प्रोग्रामने ती सूचना पाहिली नाही तर सर्व्हरवर अर्धवट किंवा कोरी फाईल राहते. ऊस गव्हाणीत गेलेला, नोंद मात्र नाही! म्हणून अशी सूचना आली की कारकुनाने शेवटच्या काही नोंदी सर्व्हरवरून पुन्हा उघडून पाहाव्यात. सभासदांनीही भरगाडी, रिकामी गाडी आणि निव्वळ वजन असे तिन्ही आकडे असलेली छापील पावती घेतल्याशिवाय काटा सोडू नये, आणि बिल हातात पडेपर्यंत ती जपून ठेवावी.